ते कोणाकडून आलं

शरयू गेली त्याला वर्ष होत आलं. अस्थी ग्वारीघाटावर नर्मदेत सोडल्या, तेरावं झालं, मुलगी अश्लेषा इंदूरला परत गेली. रांझीच्या घरात मी राहिलो, आणि शरयूचा एक तुकडा राहिला.

हे विचित्र वाटेल म्हणून नीट सांगतो. ऑपरेशनच्या आधी तपासणीसाठी मांसाचा जो लहान तुकडा काढतात, तो लॅबमध्ये मेणात घट्ट बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. आम्हाला नागपूरला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं होतं, तेव्हा इथल्या लॅबने तो ब्लॉक काचपट्ट्यांसकट आमच्या हातात दिला. नागपूरवाल्यांनी बघून परत केला. नंतर तो कोणी मागितला नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा मेणाचा ठोकळा, खाली प्लास्टिकची जाळी, मध्ये करडा ठिपका. जबलपूरच्या उन्हाळ्यात मेण वितळेल म्हणून मी तो फ्रिजच्या दरवाजात ठेवला. दूध काढताना रोज दिसायचा.

शरयूचा आजार बाईच्या नाजूक जागेच्या कातडीचा होता. आमच्या घरात त्या जागेला नाव नव्हतं. ती 'खाली' म्हणायची. खाली खाज येते. खाली आग होते. बऱ्याच वर्षांपासून सदर बाजारातल्या केमिस्टकडून ती मलम आणायची, कधी हे, कधी ते. मी विचारलं तर म्हणायची, "बायकांचं असतं, तुम्ही काहून विचारता?" मग मी विचारणं सोडलं. पुढे तिथे एक जखम झाली, ती भरेना. तेव्हा डॉक्टरीणबाईकडे गेलो. त्यांनी सांगितलं की कातडीचा जुना आजार आहे, कातडी पांढरी आणि पातळ होत जाते, आणि त्यातच आता कॅन्सर झाला आहे. आधी आला असतात तर मलमावर आटोक्यात राहिलं असतं, असंही म्हणाल्या. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, पण कॅन्सर पसरला होता.

मला रात्रंदिवस खाणारी गोष्ट मात्र वेगळी होती.

शेक घ्यायला आम्ही जात होतो तिथे बायकांची रांग असायची. एकदा शेजारी बसलेली एक बाई, स्वतःच्या सासूला घेऊन आलेली, आमच्याशी बोलू लागली. कुठला कॅन्सर, कुठे आहे, सगळं विचारलं. शरयूने हळू आवाजात सांगितलं. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ये तो वायरस से होता है दीदी. आदमी से आता है. आदमी बाहर से लाता है."

शरयूने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे थोडे हलले. मला वाटलं रडते आहे. घरी येताना ऑटोतही ती माझ्याशी बोलली नाही.

मी कुठे गेलो नव्हतो. कधीच नाही. पण मी दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होतो, आणि मधली काही वर्षं माझी भंडाऱ्याच्या फॅक्टरीत बदली होती. ती आणि अश्लेषा इथे खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरमध्ये, मी तिकडे एकटा. एखाद्या बाईने मनात आणायचं ठरवलं तर तेवढं पुरे. शिवाय अश्लेषाच्या लग्नाच्या आधीपासून शरयू माझ्या खोलीत झोपत नव्हती. "तुमच्या घोरण्याने झोप मोडते," म्हणून तिने अंथरूण अश्लेषाच्या खोलीत नेलं होतं, आणि लग्नानंतरही ते परत आलं नाही. त्या बाईचं बोलणं ऐकल्यावर मी हे सगळं एकाला एक जोडलं. हिला माझा संशय होता. वर्षानुवर्षं होता. आणि आता त्याला डॉक्टरी नाव मिळालं.

विचारायला मला तोंड नव्हतं. मरायला टेकलेल्या बाईला कसं विचारणार, की तुला माझ्याबद्दल काय वाटतं? मग ती गेली.

फोन आला तो होळी होऊन गेल्यावर. एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या डॉक्टर होत्या, डॉ. दुर्वा. आवाज तरुण होता.

"शांताराम काका? मी मराठीच आहे, पण मला समजते जास्त, बोलता कमी येते. माफ कराल."

मी म्हटलं, "बोला, हिंदीत बोला."

त्या म्हणाल्या की बायकांच्या या कातडीच्या आजारामागे एखाद्या व्हायरसचा हात आहे का, यावर त्या काम करून राहिल्या आहेत. लॅबने ब्लॉक घरच्यांना दिलेले असतात, म्हणून त्या जुन्या रुग्णांच्या घरी फोन करत होत्या. बहुतेकांनी टाकून दिले होते.

"आपके पास है क्या काका?"

"आहे," मी म्हटलं. "फ्रिजमध्ये."

मग त्या म्हणाल्या, "फ्रिज की ज़रूरत नहीं थी. पर अच्छा किया."

मी फॅक्टरीत तपासणी विभागात नोकरी केली. आमच्याकडे प्रत्येक लॉटमधले काही नग बाजूला राखून ठेवत. पुढे कधी कुठे बिघाड झाला, की तो राखलेला नग उघडायचा. भरणाऱ्याची चूक, की धातूची, की ठेवणाऱ्याची, ते त्यातून कळायचं. कळायचंच. मी असे कितीतरी नग उघडलेले बघितले आहेत. त्यामुळे फोन ठेवला तेव्हा मला एकच वाटलं. शरयूचा राखलेला नग माझ्याकडे आहे. तो उघडला की दोष कोणाचा ते कागदावर येईल.

पद्मजाताईंना सांगितलं तर त्या चिडल्या. पद्मजाताई म्हणजे शरयूची मोठी बहीण. बड़ा फुहाऱ्याच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे अजून सगळ्यांना पोरंच समजतात.

"तिचं शरीर आहे ते, शांतारामराव. ग्वारीघाटावर सोडून या. लोकांना चिरायला काहून देता?"

"मला बघायचं आहे."

"काय बघायचं आहे? बघून ती परत येणार आहे का?"

त्यांनी चहा पुढे सरकवला आणि माझ्या शर्टाकडे बघितलं. "कॉलर तरी घासत जा. शरयू असती तर घराबाहेर पडू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक रुमालात गुंडाळला, वरच्या खिशात ठेवला आणि बसने गेलो. डॉ. दुर्वांची खोली लहान होती. टेबलावर सूक्ष्मदर्शक, बाजूला तसलेच ठोकळे ओळीने. त्यांनी संमतीच्या कागदावर माझी सही घेतली. शरयूचा ठोकळा हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"अच्छा है. काफी टिश्यू बचा है."

"पूर्ण कापणार?"

"नाही काका. एकदम पातळ चकत्या. बाकी वापस."

"तिला काही होणार नाही ना?"

तोंडातून निघून गेलं. त्या हसल्या नाहीत. ठोकळा टेबलावर हळूच ठेवला आणि म्हणाल्या, "नाही होणार."

मग मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. मराठीतच विचारलं, कारण हिंदीत मला ते बोलता आलं नसतं. "व्हायरस सापडला, तर तो माझ्याकडून गेला का, हे कळेल?"

त्यांनी पेन बंद केलं.

"काका, कोणी सांगितलं असं?"

"दवाखान्यात एक बाई म्हणाली."

"देखिए." त्यांनी खुर्ची पुढे घेतली. "ही स्किनची बिमारी कशाने होते, ते अजून पक्कं कोणालाच माहीत नाही. बहुतेक शरीराची आपलीच ताकद आपल्याच चमडीवर उलटते. ते कशाने सुरू होते? काही लोक म्हणतात व्हायरस. कोणाला तपासात सापडतो, कोणाला नाही. म्हणून तर मी बघून राहिली आहे. पण ही छूत की बिमारी नाही. नवऱ्याकडून बायकोला नाही जात. ये मैं लिख के दे सकती हूँ."

"आणि कॅन्सर?"

"त्या जागेचा कॅन्सर दोन प्रकारचा. एकात तो व्हायरस असतो, जो संबंधातून येतो. दुसऱ्यात नसतो. अशा जुन्या स्किनच्या बिमारीतून जो होतो, तो जास्त करून दुसरा. तुमच्या ब्लॉकमध्ये कुठला, ते मी तपासीन. पण सापडला तरी कोणाकडून, कधी, ते ब्लॉक सांगत नाही. तो वर्षानुवर्षं चूपचाप बसून राहू शकतो. उस पर किसी का नाम नहीं लिखा होता."

"म्हणजे राखलेला नग उघडून पण कळत नाही," मी म्हटलं.

त्यांना ते समजलं नाही, आणि मी समजावलं नाही. एवढंच म्हटलं की जे निघेल ते मला सांगा. त्या म्हणाल्या, असं सहसा घरच्यांना सांगत नाहीत, पण विचारून बघते.

उन्हाळा तसाच गेला. सकाळी फॅक्टरीचा भोंगा वाजला की उठायचं, एकट्याचा चहा करायचा. पोहे मी करतो, पण ते चिकट होतात. दुपारी पंख्याखाली पडून राहायचं. फ्रिजच्या दरवाजातली जागा रिकामी होती आणि तिथे दुसरं काही ठेवावंसं वाटत नव्हतं. कोणी बोलायला नसलं की माणूस मनात खटला चालवतो. मीच आरोपी, मीच वकील. शरयू समोर बसलेली, पण ती काही बोलायची नाही. भिंतीकडे तोंड करून बसायची.

पाऊस सुरू झाल्यावर डॉ. दुर्वांनी बोलावलं. त्यांनी आधी ठोकळा माझ्या हातात दिला. कडेने थोडा झिजलेला होता.

"काका, तो व्हायरस, जो संबंधातून येतो, तो नाही सापडला. कॅन्सरही त्या प्रकारचा नाही. ब्लॉक जुना आहे, म्हणून शंभर टक्के कोणी नाही म्हणणार. पण तीन-चार तऱ्हेने बघितलं. नाही आहे."

मी मान हलवली.

"दुसरा एक थोडा सापडला. पण तो तर लहानपणापासून जवळजवळ सगळ्यांच्यात असतो, माझ्यातही असेल. त्याचा या बिमारीशी काही संबंध आहे का, ते आत्ता नाही सांगता येत. अजून खूप ब्लॉक बघावे लागतील."

"ठीक आहे."

"आणि एक गोष्ट. ही स्किनची बिमारी कधी कधी घरात चालते. आईला, मुलीला. तुम्हाला मुलगी आहे ना? तिला सांगा, एकदा दाखवून घे. वेळेवर मलम सुरू केलं तर पुढचं टळते. इंदूरमध्ये एक मॅडम आहेत, नाव देते."

मी नाव खिशात घालून बाहेर आलो. वाटलं होतं की हलकं वाटेल. दोष माझा नाही, हे कळलं होतं. पण ज्या माणसाला ते सांगायचं होतं ते माणूस नव्हतं. निकाल लागला आणि कोर्टात कोणी नाही. रांझीची बस आली ती सोडून दिली, आणि पद्मजाताईंकडे गेलो. शरयूचं म्हणावं असं दुसरं कोणी या शहरात उरलं नव्हतं.

त्या पोळ्या लाटत होत्या. सून कामावर गेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. दवाखान्यातली बाई, भंडारा, वेगळं अंथरूण, सगळं. साठी ओलांडलेल्या माणसाने बायकोच्या बहिणीशी असं बोलू नये, पण बोललो. "तिच्या मनात माझा संशय होता, ताई. आता सिद्ध झालं की तसं नव्हतं, पण ती तर गेली."

पद्मजाताईंचं लाटणं थांबलं होतं.

"संशय?" त्या म्हणाल्या. "तुमचा?"

"मग काय?"

"अहो, त्या बाईचं ती मला त्याच दिवशी फोनवर सांगत होती. हसून हसून बेजार. म्हणाली, ताई, त्या बाईला कसं सांगू, आमचे हे बाहेरून जिलबीसुद्धा मला विचारल्याशिवाय आणत नाहीत, व्हायरस कुठून आणणार? तुमच्यासमोर हसली तर तुम्हाला लागेल, म्हणून म्हणे भिंतीकडे बघत होती, ऑटोतही तोंड उघडलं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर तिचे हलणारे खांदे आले. मी ते इतके महिने रडणं म्हणून धरून बसलो होतो.

"मग अंथरूण?" मी विचारलं.

पद्मजाताईंनी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी काळी पडली होती, ती त्यांनी तशीच बाजूला ठेवली.

"तिला वाटलं होतं कोड आहे," त्या म्हणाल्या. "पांढरे डाग पडले होते ना. अश्लेषाच्या लग्नाचं वेदांगकडे बोलणं चालू होतं. आईला कोड आहे असं कळलं असतं तर ते लोक मागे फिरले असते. मला बाथरूममध्ये नेऊन दाखवलं होतं तिने. मलापण कोडच वाटलं. मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. डॉक्टरकडे गेलीस तर चार जणांना कळेल."

"मला का नाही सांगितलं?"

"मीच नको म्हटलं. शांतारामरावांच्या पोटात काही राहत नाही, सकाळी ऐकतात आणि संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमध्ये सगळ्या खमरियाला माहीत असतं, असं म्हणाले मी. ती म्हणाली, खरंच गं. म्हणून अंथरूण हलवलं. तुम्हाला दिसू नये म्हणून." त्यांनी पदराने हात पुसले, पुसतच राहिल्या. "लग्न झालं. मग म्हणाली, नातवंड होऊ दे. मग म्हणाली, आता सवय झाली. मी पण विसरले, शांतारामराव. मी मोठी होते, आणि विसरले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या आपल्या सुनेच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. मी उठून त्यांना पाणी दिलं.

"काहून मला काही म्हणत नाही तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"काय म्हणू?"

घरी आलो तेव्हा दुपार टळली नव्हती. मी पलंगावर बसलो. इतके महिने मी ज्या प्रश्नाशी झगडत होतो, तो शरयूचा नव्हताच. तिने मला कधी आरोपी केलंच नव्हतं. ती कुठल्या वेगळ्याच भीतीत होती. मधल्या भिंतीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, दोघं जागे, आणि दोघं चुकीच्या गोष्टीला घाबरलेले. एकमेकांना विचारलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. कोडाचं नाव ऐकून मी काय केलं असतं? काही नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरकडे गेलो असतो. बसमध्ये कदाचित बोललोही असतो. तरी ती आज असती.

मग मी अश्लेषाला फोन लावला. ती बँकेत असते, दुपारी फोन केलेला तिला आवडत नाही.

"काय झालं बाबा? तबियत?"

"माझी ठीक आहे. तुझ्याशी बोलायचं आहे. आईच्या आजाराचं."

"बाबा, मी काउंटरवर आहे. संध्याकाळी करते ना."

"आत्ताच सांगतो, मग माझी हिंमत राहणार नाही. तुझ्या आईला खाली जे झालं होतं, ते आधी कातडीचं होतं. खाज यायची, पांढरे डाग होते. तिला कोड वाटलं म्हणून तिने लपवलं. ते कोड नव्हतं. आणि ते कधी कधी आईकडून मुलीत येतं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून विचारतो. तुला तसं काही आहे का?"

माझी स्वतःची मुलगी. असं वाक्य मी आयुष्यात कोणत्याही बाईला बोललो नव्हतो.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दीदी, दो मिनट देखना," असं ती कोणाला तरी म्हणाली. पावलं, जिना, एक दार उघडून बंद झालं. तिकडचे बँकेतले आवाज थांबले.

"हो," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"मागच्या दिवाळीपासून. रात्री जास्त. मला वाटलं साबणामुळे."

"डाग?"

"बघितलं नाही मी. बघायची भीती वाटते." ती थांबली. "वेदांगला नाही माहीत. आई असती तर तिला सांगितलं असतं."

आईने काय सांगितलं असतं, हे मला आता माहीत होतं. तिने सांगितलं असतं, सवय होते. मी ते बोललो नाही.

"इंदूरला एक मॅडम आहेत, नाव आहे माझ्याकडे. बाईच आहेत. मलमाने आटोक्यात राहतं, वेळेवर गेलं तर. वेदांगला सांग. तुला जमत नसेल तर मी सांगतो."

"तुम्ही नको. मी सांगते." मग हिंदीत म्हणाली, लहानपणी घाबरली की म्हणायची तसं, "पापा, आप आओगे?"

"आज रात्रीच्या गाडीने निघतो."

"दवाखान्यात पण चला. आत नाही हं. बाहेर."

"हो," मी म्हटलं. "बाहेरच थांबीन."